तंबोरा ऐकू आला पाहिजे

मैफलीत गायकाने सा लावण्यापूर्वी दोन तंबोरे बोलू लागलेले असतात. घरी तीच मैफल मोबाइलवरून एखाद्या स्पीकरवर लावली, की सर्वांत आधी हरवतो तो तंबोराच. बंदिशीचे शब्द कळतात, ठेका कळतो, राग ओळखता येतो. पण ज्या नादावर हे सगळे उभे असते तो नाद मागे कुठेतरी पुसट कुजबुजीइतका उरतो. इंटरनेटवरून घरी येणाऱ्या संगीताचा ध्वनी कसा सुधारावा, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मी एकच कसोटी धरली आहे: तंबोरा ऐकू येतो का, आणि तो सुरात ऐकू येतो का?

ही कसोटी भावनेपोटी निवडलेली नाही. तंबोऱ्याची तार घोडीच्या पसरट पाठीवर टेकते आणि तिच्याखालचा दोरा नेमक्या जागी सरकला की जवारी खुलते. मग एका तारेतून एकच स्वर निघत नाही, तर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर रांगेने उमलत जातात. काळी एकच्या सा मध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. त्याच्या पाचपटीत, सुमारे ३४६ हर्ट्झवर, गांधार असतो. कोणीही न छेडलेला हा स्वयंभू गांधार म्हणजे खर्जाच्या तारेचीच देणगी. त्याच्या वरची रांग काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत, सतत आणि हळू आवाजात वाजणारे हे वाद्य आहे. स्पीकर खाली उतरत नसेल तर खर्ज जातो. फाइल फार दाबलेली असेल तर वरची झळाळी जाते. विजेची घरघर असेल तर ती तंबोऱ्याशी भांडते. खोली घुमत असेल तर चार तारांचे बोल एकमेकांत मिसळतात. ध्वनियंत्रणेतला जवळपास प्रत्येक दोष तंबोऱ्यावर आधी उमटतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण तिथला कारागीर ज्या जवारीसाठी कानसने घोडी घासत बसतो, ती आपल्या बैठकीच्या खोलीत पोचत नसेल तर ऐकणारा म्हणून आपले काहीतरी करायचे राहिले आहे.

पुण्याला हे सांगावे लागावे, याचे मला विशेष वाटते. भास्करबुवा बखले यांनी इथे १९११ मध्ये भारत गायन समाजाची स्थापना केली. अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढले ते इथेच. १९५३ या एकाच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि आकाशवाणीचे पुणे केंद्रही सुरू झाले. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथे ध्वनिमुद्रण हा रीतसर अभ्यासाचा विषय झाला. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती श्रोत्यांच्या हाती दिल्या. इतका शिकलेला कान फार थोड्या शहरांकडे असेल. थंडीत शाल गुंडाळून सवाईत रात्री जागवलेले लोक घरी मात्र टीव्हीच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड केलेल्या दोन छोट्या स्पीकरांवर समाधान मानतात. कारण पैशांचे नसते. नेमके काय बदलायचे हे कोणी नीट सांगितलेले नसते, आणि जे सांगितले जाते ते बहुधा काहीतरी विकण्यासाठी असते.

काय बदलायचे, याचा विचार मुळापासून, म्हणजे ध्वनिमुद्रणापासूनच केला पाहिजे. गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून सुरू झाले आणि दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली. त्या वेळी ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने घरोघरी गेले ते मात्र सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले गीतरामायण. आज एखाद्या संगीतसेवेवर हे नाव शोधले तर मूळ ध्वनिफितीवरून नीट केलेली प्रत, कॅसेटवरून उतरवलेली प्रत आणि कोणीतरी खरखर काढण्याच्या नादात गुळगुळीत करून टाकलेली प्रत, अशा सगळ्या शेजारी शेजारी सापडू शकतात. नाव एकच, चित्रही कधी कधी एकच. यांतली योग्य प्रत निवडणे हा ध्वनी सुधारण्याचा पहिला आणि फुकटातला उपाय आहे. लाखभर रुपयांचा ॲम्प्लिफायर चुकीच्या प्रतीचे काही भले करू शकत नाही.

खरखर काढणे हा प्रकार आपल्या संगीतावर विशेष अन्याय करतो. संगणकाला खरखर आणि जवारी यांतला फरक सहज कळत नाही. दोन्ही सतत चालणाऱ्या, हळू आणि वरच्या पट्टीत पसरलेल्या गोष्टी. अशा प्रतीत गायक थांबला की तंबोरा एकदम बुडतो आणि आलाप सुरू झाला की पुन्हा वर येतो. असे ऐकू आले तर ती प्रत सोडून द्यावी. जुन्या तबकडीची थोडी खरखर चालते. कान दोन मिनिटांत ती बाजूला सारतो, पण गेलेला तंबोरा कानाला परत आणता येत नाही. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तीन मिनिटांच्या तबकडीवर होती, तिच्यात आजच्या मोजमापाने त्रुटीच त्रुटी होत्या, आणि तीच ऐकून अकरा वर्षांचे भीमसेन १९३३ मध्ये घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. ध्वनीच्या दर्जाविषयी लिहिणाऱ्याने ही गोष्ट जवळ बाळगावी. दर्जा म्हणजे चकचकीतपणा नव्हे. गायकाने जे केले त्यातले जास्तीत जास्त आपल्यापर्यंत पोचणे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला आहे.

प्रत मिळाली की आकडे येतात, आणि आकड्यांनी फार लोकांना घाबरवले आहे. सीडी १९८२ मध्ये आली. तिच्यात ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मापे घेतलेली असतात आणि प्रत्येक माप १६ बिटांचे असते. दोन वाहिन्या धरून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, तासाला साधारण ६३५ एमबी. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ही मापे तेवढ्याला पुरतात. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांत शांत आणि मोठ्या आवाजातले ९६ डेसिबलचे अंतर मावते. जुन्या स्टुडिओतल्या ध्वनिफितीला साठेक डेसिबल जमत. मग साठ वर्षांपूर्वीची मैफल २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झमध्ये ऐकल्याने काय हाती लागते? फितीची सळसळ अधिक बारकाईने. ‘हाय-रेझ’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्याआधी हा हिशेब जरूर करावा.

उलट दिशेचा हिशेब मात्र खरा आहे. एमपी३सारख्या पद्धती मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे छोटे आवाज ओळखतात आणि ते टाकून जागा वाचवतात. गायकाच्या आवाजाखाली कायम काय झाकलेले असते? तंबोरा. सेकंदाला ९६ किंवा १२८ किलोबिटांवर त्याची वरची रांग विरते, उरते ती पाण्याखालून आल्यासारखी वाटते. ३२० किलोबिटांवर फरक इतका कमी होतो, की चांगल्या यंत्रणेवरही तो ओळखायला एकाग्रता लागते. त्याच्या पुढे काहीही न टाकणारी, नुकसानरहित फाइल. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ती वेगळे पैसे न घेता द्यायला सुरुवात केली आणि पुण्यातल्या घरगुती फायबर जोडणीला तिचे ओझे वाटण्याचे कारण नाही. अडचण असते ती सेटिंगमध्ये. बहुतेक सेवा दर्जा ‘आपोआप’ ठरवतात, डेटा वाचवतात आणि आपल्याला सांगत नाहीत. तिथे जाऊन वायफायसाठी सर्वांत वरचा दर्जा निवडावा, एक गाणे दुसऱ्यात मिसळणारी सोय बंद करावी आणि बेस वाढवणारे सगळे अवतार बंद करावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे. कॅसेटच्या दोन बाजूंमुळे दोन तुकडे झालेला राग ऐकताना गाणी मिसळण्याची सोय चालू राहिली, तर विलंबितातून द्रुतात जातानाची जागाच कापली जाते. हे मला ध्वनीच्या कोणत्याही दोषापेक्षा जास्त खुपते.

मोबाइलपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेबद्दल थोडक्यात. ब्लूटूथ ही सोय आहे, पण तिथे ध्वनी पुन्हा एकदा दाबला जातो. म्हणजे सेवेने एकदा दाबलेला आणि मोबाइलने दुसऱ्यांदा दाबलेला. वायफायवर चालणारा स्ट्रीमर घेतला तर अनेक सेवांमध्ये मोबाइल फक्त रिमोटचे काम करतो आणि संगीत थेट इंटरनेटवरून यंत्रात येते. हात चालणाऱ्यांसाठी रास्पबेरी पाय हा २०१२ पासून मिळणारा छोटा संगणक आणि त्यावर बसणारे, आकड्यांचा पुन्हा ध्वनिसंकेत करणारे डॅक कार्ड हा स्वस्त आणि उत्तम मार्ग आहे. त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. इंटरनेटच्या तारेतून संगीत पाकिटांमधून येते, प्रत्येक पाकीट तपासले जाते, बिघडलेले पुन्हा मागवले जाते आणि सगळे आधी साठवून मग वाजवले जाते. त्यामुळे महागड्या लॅन केबलने तंबोरा सुधारत नाही. पाकिटे वेळेवर आली नाहीत तर गाणे थांबेल; बेसूर होणार नाही. स्पीकरच्या तारेचेही तसेच. तीन मीटर अंतरासाठी घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते, ती पुण्यातल्या तपकीर गल्लीत कुठेही मिळते, आणि तिचा रोध आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही भरत नाही.

विजेकडे मात्र कोणी बघत नाही, आणि बघायला हवे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. त्याची घरघर यंत्रणेत शिरली की ५०, १००, १५० अशा पटींत ऐकू येते. आता पुष्कळ पुरुष गायकांची पट्टी काळी एकच्या आसपास असते. त्या सा च्या नात्याने १०० हर्ट्झचा नाद तीव्र मध्यमाजवळ पडतो, तर १५० हर्ट्झचा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये, कोणत्याच स्वरावर नाही. पंचमात लावलेल्या तंबोऱ्यामागे कोणीतरी तासभर तीव्र मध्यमाच्या आसपासचा एक स्वर धरून बसले आहे, अशी कल्पना करा. पुसट असला तरी तो मन थकवतो आणि ऐकणाऱ्याला कारण सापडत नाही. टीव्हीची केबल किंवा डिश आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगचे वेटोळे हे याचे नेहमीचे मूळ. केबलची पिन काढून पाहावी. घरघर थांबली तर चोर सापडला. जुन्या पेठांतल्या इमारतींमध्ये अर्थिंगच नसते किंवा नावापुरते असते. परवानाधारक वायरमनकडून ते करून घ्यावे. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही ऐकू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग खोलीवर आहे, कारण घरातला ध्वनी सर्वांत जास्त खोलीच बिघडवते आणि तीच सर्वांत कमी खर्चात सुधारते. सदाशिव किंवा कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याचा दिवाणखाना आठवा: लाकडी तक्तपोशी, मातीच्या गिलाव्याच्या जाड भिंती, कोनाडे, खुंट्या, खाली जाजम आणि लोड. लाकडी फळ्या खालच्या स्वरांबरोबर थोड्या हलतात आणि त्यांची ताकद शोषतात. कोनाडे वरचे स्वर विखरतात. तिथे बैठक रंगायची, यात खोलीचाही वाटा होता. त्याजागी आलेल्या इमारतीतल्या सदनिकेत काँक्रीटचे छत, गुळगुळीत भिंती, व्हिट्रिफाइड फरशी आणि सरकत्या काचेची खिडकी. टाळी वाजवून पाहा. भिंती झणझणून उत्तर देतात.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली घ्या. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा नाद अडकून फुगतो, दहा फुटांमध्ये ५६चा, आणि रुंदी व उंची सारखीच असल्याने ५६चा दुप्पट जोराने. त्यांच्या दुपटी ९४ आणि ११२. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड याच पट्ट्यातून जाते. मग ती वाटेत एके ठिकाणी गडगडते, दुसरीकडे नाहीशी होते, आणि आपण दोष देतो तबलजीला किंवा स्पीकरला. खोलीच्या बरोबर मध्यावर बसले तर यांतले काही नाद अगदीच ऐकू येत नाहीत, भिंतीला पाठ लावून बसले तर सगळेच फुगतात. म्हणून आसन लांबीच्या साधारण एकतृतीयांशावर घ्यावे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, वरचा छोटा भोंगा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. भारतीय बैठक असेल, आपण गादीवर बसत असू, तर स्पीकरही त्या मानाने खाली आले पाहिजेत. विलायती स्टँडवरचे स्पीकर जमिनीवर बसलेल्याच्या डोक्यावरून गातात, हे अनेक घरांत पाहायला मिळते.

घुमणे कमी करण्यासाठी आपल्या घरांत साहित्य असतेच. जाड घोंगडी, गाद्या, पुस्तकांनी भरलेले कपाट, सुती जाड पडदे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. भिंतीवर टांगलेली सोलापुरी चादर फक्त वरचे स्वर शोषते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटर, आणि तिला अडवायला तिच्या चतुर्थांशाच्या जवळपासची जाडी लागते. चादरींनी भिंती झाकत गेलो तर जवारीची झळाळी जाते आणि डग्ग्याची गडगड तशीच राहते. खोली मंद होते, स्वच्छ होत नाही. खालच्या पट्टीसाठी कोपऱ्यांत फूट-दीड फूट जाडीचे रॉकवूलचे खांब, जागा बदलणे आणि शेवटी संगणकाची मदत, या क्रमाने जावे. मोजण्यासाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही मोफत प्रणाली आणि एक मोजणीचा माइक पुरतो.

मोजमाप म्हटले की संगीतप्रेमी बिचकतात. पण कान आणि मोजमाप यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधाराने श्रुतींची कंपने मोजली आणि १९१०मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. गायकाच्या गळ्यापुढे त्यांनी गणित आणून ठेवले, आणि गाणे काही कमी झाले नाही.

दोन यंत्रांची तुलना करताना एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. जे अर्धा-एक डेसिबल मोठे वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, अधिक मोठे वाटत नाही. दुकानात बरेचसे सौदे यावरच होतात. म्हणून आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा, घरातल्या कोणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावावी आणि मग ठरवावे. शिवाय आवाज कमी ठेवला की कान खालचे स्वर आपसूक कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. रात्री हळू लावलेला ख्याल पातळ वाटतो तो यामुळे. आणि आवाज वाढवायचा तरी किती? नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. लक्ष्मी रस्ता किंवा कर्वे रस्त्याकाठी राहणाऱ्याला या मर्यादा बाहेरच ओलांडलेल्या ऐकू येतात. अशा घरात नव्या स्पीकरच्या आधी खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावावी. बाहेरचा आवाज पाच डेसिबलने उतरला तर तंबोऱ्याला तेवढी जागा मिळते, आणि ही जागा कोणतेही यंत्र विकत देत नाही.

हेडफोनचा विषय यात घेतलेला नाही. त्याने खोलीचे बहुतेक प्रश्न सुटतात, हे खरे आहे, आणि रात्री एकट्याने ऐकणाऱ्यासाठी त्याला पर्याय नाही. पण मला लिहायचे होते ते चार माणसे एकत्र बसून ऐकतात त्या खोलीविषयी, जिथे सम आली की एकाची मान हलते आणि दुसऱ्याला ती दिसते. घरात वडीलधारे असतील तर आणखी एक सांगतो. वयाबरोबर वरचे स्वर ऐकू येणे कमी होते, म्हणून ट्रेबल वाढवून त्यांच्यासाठी गाणे कर्कश करू नये; त्यांना स्पीकरच्या जवळची, त्रिकोणाच्या टोकाची जागा द्यावी. पहिले प्रकरण ध्वनिमुद्रणाची प्रत ओळखण्याविषयी आहे. ते वाचताना शेजारी तंबोरा असेल तर तो आधी जुळवून घ्यावा, नसेल तर ओळखीच्या कोणाकडे जाऊन दहा मिनिटे नुसता ऐकून यावे.